पांढरीतला रुपया

गावच्या जमिनीचे जुन्या लोकांनी दोनच भाग पाडले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. वस्तीची माती पांढुरकी का होते, याला साधे कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, शेणमाती, पडक्या भिंतींचा चुरा, चुना, हाडके हे सारे एकावर एक साचत जाते आणि मूळच्या काळ्या मातीचा रंग पालटतो. गाव उठले तरी पांढरी मागे उरते. निलंग्याकडून औशाकडे किंवा उमरग्याकडे जाताना शेतात मध्येच एखादे फिकट टेकाड दिसले, तर समजावे की इथे कधीकाळी माणसे नांदत होती.

या पांढरीवर अलीकडे नव्या तऱ्हेचे पाहुणे दिसू लागले आहेत. हातात काठी, काठीच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढे चक्र, कानाला बोंडे. चक्र जमिनीलगत झुलवत सावकाश चालायचे. खाली धातू असला की यंत्र आवाज करते, तिथे उकरायचे. हा मेटल डिटेक्टर. मोठ्या देवस्थानांच्या दारात त्याच्याच कमानीखालून आपण सगळे गेलेलो असतो. आता तो घरबसल्या मागवता येतो. पुण्या-हैदराबादेला नोकरीस असलेला एखादा मुलगा दिवाळीच्या सुटीत तो घेऊन गावी उतरतो आणि म्हणतो, ‘आज्ज्याच्या वाड्याच्या जागेवर फिरवून तर बघू.’

विलायतेत हा रविवारचा छंद आहे. त्यातली एक हकीकत मला फार आवडते. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचा माणूस आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन शेतात गेला. यंत्र बोलले, त्याने उकरले, तर चांदीची नाणी. आणखी थोडे उकरले, तर चमचे, सोने. इथे त्या माणसाने जे केले त्याला मी दाद देतो. तो थांबला. सगळे उपसून घरी न नेता त्याने अधिकाऱ्यांना कळवले, आणि पुरातत्त्वाच्या लोकांनी तो ठेवा भोवतालच्या मातीसकट उचलला. रोमन काळाच्या अखेरची सुमारे १५ हजार नाणी निघाली. शिवाय ती पेटीत कशी रचली होती, कोणती वस्तू कशाशेजारी होती, हेही कळले. सरकारने १७ लाख ५० हजार पौंडांचे बक्षीस दिले, ते दोघा मित्रांनी वाटून घेतले. हातोडाही सापडला म्हणे. तो आता त्या खजिन्यासोबत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

या गोष्टीला वर्षही झाले नव्हते, तोच आमच्या भागात जमिनीने उलटा व्यवहार केला. पुरलेले वर आणण्याऐवजी वर नांदणारे सारे तिने खाली घेतले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा सारा पट्टा हादरला. सरकारी हिशेबाने जवळपास आठ हजार माणसे गेली. लातूर जिल्ह्यातले औसा आणि निलंगा, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा, एवढ्या टापूतली ५२ गावे पुरती उठली आणि नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाच्या मानाने माणसे इतकी का दगावली, याचे उत्तर आमच्या घरांत होते. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचे माळवद. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, घर गळू नये म्हणून माळवदावर नव्या मातीचा थर द्यायचा. बाप द्यायचा, मग मुलगा द्यायचा, जुना थर कुणी काढायचे नाही. ही माती कुठली? गावाबाहेरच्या जुन्या टेकाडाची, पांढरीची. ती पाणी धरत नाही म्हणून. त्या मातीच्या टोपल्यांबरोबर कधी शिवराई, कधी मणी, कधी खापर माळवदावर चढायचे. त्या पहाटे हे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

आता त्या जुन्या गावठाणांवर वेड्या बाभळी माजल्या आहेत. किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथे आदरांजली वाहतात. बाकीचे ३६४ दिवस शेळ्या चरतात. आणि हल्ली, यंत्रे फिरतात.

माझी नोकरी बँकेतली. भूकंपाच्या दिवसांत मी निलंग्यात होतो. त्या वेळी काउंटरवर आलेली माणसे मला अजून आठवतात. पासबुक नाही, सही करणारा नाही, वारस म्हणून नाव लावले होते तोही नाही. तरीही खाते सापडायचे, कारण लेजर आमच्या कपाटात शाबूत होते. पान उलटले की मयताचे नाव, त्याखाली शिल्लक. कागदोपत्री चार महिने लागले असतील, पण पैसा माणसाच्या मागे राहिला होता आणि तो कुणाचा हे लिहिलेले होते. मात्र आमच्याकडच्या घरांतला बराच पैसा कुठल्याही लेजरात नव्हता. तो चुलीमागे होता, देवळीच्या फळीखाली होता, गोठ्यात गव्हाणीच्या मातीत होता, भिंतीतल्या बळदात जोंधळ्याच्या तळाशी होता. त्याचे लेजर म्हणजे घरातली एखादी म्हातारी. ती गेली, की पैसा आणि त्याचा पत्ता दोन्ही एकदम गेले.

हा पैसा बायकांचा होता, हे मुद्दाम सांगायला हवे. बापाने लग्नात ओटीत घातलेले चार रुपये, भावाने दिवाळीला घातलेली ओवाळणी, दुधाच्या-अंड्यांच्या विक्रीतून नवऱ्याच्या नकळत बाजूला टाकलेली चिल्लर. बँकेत खाते उघडायचे तर नवऱ्याला कळणार, सासऱ्याला कळणार. जमीन कुणाला सांगत नाही. बंदा रुपया म्हणजे मोडायचा नसलेला रुपया. अगदी लेकराच्या दवाखान्याची वेळ आली तरच तो बाहेर यायचा.

यातले पुष्कळ रुपये हैदराबादचे, कारण आमचा निलंगा तालुका निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके बिदरमधून निघून उस्मानाबादला जोडले गेले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आले. निजामाच्या राज्याचे चलन वेगळे, ‘हाली सिक्का’. इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब बाजारात पोरासोरांना पाठ असे. मला बँकेच्या सवयीने एकदा हा हिशेब तपासावासा वाटला. कलदार ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ९१.७. चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅम, चांदी शेकडा ८१.८. गुणाकार करून पाहा, सातास सहा जवळजवळ तंतोतंत उतरते. अडाणी म्हणून आपण ज्यांची बोळवण करतो त्या बाजारकऱ्यांचा हा हिशेब चांदीच्या कसावर उभा होता. १९४० पासून इंग्रजी रुपयात चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली तर रुपया चक्क निकेलचा झाला. म्हातारी माणसे रुपया फरशीवर टाकून कान देत, तो खणखणला तरच गाठीला बांधत, ते उगीच नव्हे.

हैदराबाद भारतात सामील झाल्यावर काही वर्षे दोन्ही नाणी चालली. १९५९ साली हाली सिक्का चलनातून बाद झाला. तरीही मी नोकरीला लागल्यानंतर, म्हणजे १९८० नंतरसुद्धा, एखादी आजी पदराची गाठ सोडून चारमिनारचे दोन रुपये काउंटरवर ठेवायची आणि विचारायची, ‘हे चालतंय का रं लेकरा?’ चालत नाही म्हटले की ती शांतपणे पुन्हा गाठ मारायची. सोनार वजनावर घेईल असे सांगितले तर म्हणायची, ‘इकायचं नाही. भरायचं हुतं.’

नाणी पुरली गेली त्याला दुसरेही कारण होते, आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९४७-४८ च्या रझाकारांच्या धुमाकुळात कितीतरी कुटुंबे रात्रीतून गाव सोडून हद्दीपलीकडे गेली. जाताना जे नेता आले नाही ते घरातच पुरले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट संपली, आणि मग पळायची पाळी दुसऱ्यांवर आली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत मुसलमान कुटुंबांची सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, नांदेड आणि बिदर हे आमचे तीनही होते, चौथा गुलबर्गा. तेव्हा निलंग्याच्या आसपास एखाद्या पडक्या भिंतीत मडके सापडले, तर ते कुणाच्या हातचे हे नुसत्या नाण्यांवरून सांगता येणार नाही. चारमिनारचा रुपया सगळ्यांकडेच होता. ते घर कुणाचे होते, हे मात्र गावाला माहीत असते.

आणि इथेच माझे म्हणणे सुरू होते. पांढरीवर यंत्र फिरवावे की फिरवू नये, या वादात मला फारसा रस नाही. कोणी फिरवावे, दिवसा की रात्री, आणि सापडलेल्या वस्तूची नोंद कुठे करावी, हे प्रश्न खरे आहेत.

सध्या जे चालते ते बहुतांशी रात्री चालते. गुप्तधनाचे वेड आपल्याकडे फार जुने. हंड्यावर नाग बसलेला असतो, पायाळू माणसाला जमिनीतले दिसते, धन सरकत जाते, अशा समजुतींवर आपल्या दोन-तीन पिढ्या तरी वाढल्या. त्या नुसत्या गोष्टी म्हणून राहिल्या असत्या तर हरकत नव्हती. पण या वेडापायी नरबळीपर्यंत मजल गेलेली आहे. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा येथे एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडले, आणि भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याने कॅमेऱ्यांच्या गर्दीत तिथे खोदकाम केले. सोने निघाले नाही. सुशिक्षित सरकार जर स्वप्नाच्या नादी लागते, तर आमच्या तालुक्यातल्या बेकार पोरांना काय बोलायचे?

या पोरांना आता मांत्रिकाऐवजी यंत्र मिळाले आहे, एवढाच फरक. काही यंत्रे तर यंत्रेही नसतात. मुठीत धरायची दांडी, तिला फिरणारी तार, आणि अर्ध्या किलोमीटरवरचे सोने दाखवते असा दावा. हा आपला पाणाड्याच, नव्या कपड्यांतला. हसू नका, देशोदेशीची सरकारे यात फसली आहेत. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रजाने असल्याच तारेच्या दांड्या बॉम्ब शोधण्याचे यंत्र म्हणून इराकला विकल्या. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

खरे यंत्र काय करते ते समजून घेतले की निम्मी हाव आपोआप उतरते. चक्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह जातो, त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते, खाली धातू असला तर त्यात क्षीण प्रवाह उमटतो आणि तो चक्राला परत कळतो. रुपयाएवढे नाणे वीतभर खोलीपर्यंत नीट कळते, त्याखाली आवाज विरत जातो. आमची जमीन बेसाल्ट खडकाची, तिच्यात लोहाचे कण भरपूर, त्यामुळे यंत्र उगीचच कुरकुरते. त्यात पडक्या घराची जागा म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कड्या, नालांचे तुकडे, पत्रे. लोखंड वगळण्याची सोय यंत्रात असते, पण ती लावली तर १९९३ साली लोकांच्या खिशात असलेली पोलादी चार आण्यांची नाणीही वगळली जाण्याचा संभव. (चार आणे तसेही ३० जून २०११ पासून बाद झाले आहेत. वगळले तरी बँकेचे काही अडत नाही.) अशा जागी चार तास फिरून सोन्याचा हंडा मिळत नाही, कंबर मात्र दुखते.

मग इतकी काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. काळजी अशासाठी, की नाणे जागेवरून हलले की त्याची अर्धी हकीकत तिथेच राहते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव करून त्याचे चलन आपले केले, याचा एवढा ढळढळीत पुरावा क्वचित मिळतो. हीच नाणी सोनाराच्या मुशीत एक-एक करून गेली असती तर त्यांच्या पाटल्या झाल्या असत्या, आणि इतिहासाच्या पुस्तकातले ते पान अंधूकच राहिले असते.

दूर कशाला, आपल्या शेजारचे तेर पाहा. ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचे ‘तगर’ म्हणून नाव येते ते हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत मिळालेली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. लामतुऱ्यांकडे यंत्र नव्हते, पदवी नव्हती. गावच्या मातीत निघालेले गावात राहावे एवढी बुद्धी होती. आज त्यांच्याच नावाचे सरकारी संग्रहालय तेरला आहे, आणि शाळेच्या सहली तिथे जातात.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, दडलेली कोणतीही मोलाची वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे : काय सापडले, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा तिच्याबद्दल हमी द्यायची. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांच्या मुदतीत दावेदारांना बोलावतात. शंभर वर्षांच्या आत कुणी ती वस्तू पुरली असेल, आणि तो किंवा त्याचा वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी न्यायालयात हक्क शाबीत करण्याची संधी आहे. मालकच नाही असे ठरले, तर जागेच्या मालकाचा चौथा हिस्सा आणि सापडणाऱ्याचे तीन हिस्से. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन ती घेता येते. न कळवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद.

इंग्रजांचा कायदा असला तरी तो वाईट नाही, हे माझे मत मी लपवत नाही. शंभर वर्षांचे ते कलम तर मला माणुसकीचे वाटते. १९४८ साली जीव घेऊन पळालेल्या माणसाच्या नातवाला त्यामुळे २०४८ पर्यंत ‘हे आमच्या आज्ज्याचे’ असे म्हणता येते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. घोटाळा आहे तो दहा रुपयांत. १८७८ साली रुपया एक तोळ्याचा होता, म्हणजे दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदी. आज एका हाली रुपयातली चांदीच दहा रुपयांच्या कितीतरी पुढे जाते. परिणाम काय, तर आजीचा एक रुपया सापडलेला सरळ माणूसही कायद्याच्या कचाट्यात येतो, म्हणून तो गप्प बसतो. आणि त्याच्या गप्प बसण्याच्या आडोशाने रात्री फिरणाऱ्या टोळ्यांचेही फावते. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. पण वितळलेल्या चांदीला वय नसते, हे सोनाराला आणि चोराला दोघांनाही ठाऊक आहे.

इंग्लंडने यावर १९९७ पासून एक वाट काढली. जिल्ह्याजिल्ह्याला एक जाणकार नेमला. शोधणाऱ्याने वस्तू त्याला दाखवायची, तो फोटो काढतो, जागा टिपतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. आपल्याकडे हे जसेच्या तसे होणार नाही, आणि जुनी टेकाडे, संरक्षित स्थळे, देवळांचे आवार इथे तर यंत्राला बंदीच हवी. पुरातत्त्वाचे अभ्यासक सरसकट बंदी मागतात, त्यांची भीती मला समजते. पण भूकंपात उठलेली ५२ गावे म्हणजे हडप्पा नव्हे. तिथे राहिलेली माणसे अजून हयात आहेत, नव्या गावात पाच-सात किलोमीटरवर राहतात. त्यांच्या जागेवर त्यांनीच शोधावे. ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा, नमुना आठचा जुना उतारा जोडावा (गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो, हे शहरातल्या नातवांना सांगावे लागते), दिवसाउजेडी, चार शेजाऱ्यांना बोलावून. तहसीलला एक साधी वही ठेवावी. दहा रुपयांची मर्यादा वाढवून ती तोळ्यांत मोजावी, म्हणजे दर दहा वर्षांनी कायदा बदलायला नको. एका जागी पाच-पन्नास नाणी निघाली तर हात थांबवावा आणि जाणकाराला बोलवावे. आणि ज्या घरातले सगळेच गेले, त्या जागेवर कुणीच यंत्र नेऊ नये. त्यावर कायद्याची गरज पडू नये अशी माझी अपेक्षा आहे, पण पडली तर तोही करावा.

गेल्या हिवाळ्यात माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी हे सारे करून पाहिले. भूकंपात त्यांची आई आणि थोरली भावजय गेली. लग्नात बापाने दिलेले पाच रुपये आईने जात्याखाली पुरले होते, हे तीन बहिणींपैकी मधलीला ठाऊक होते. भाच्याने यंत्र आणले. ग्रामपंचायतीचा कागद खिशात घेऊन आम्ही आठ-दहा जण सकाळीच जुन्या गावठाणावर गेलो. बाभळी तोडून वाट करावी लागली. घर कुठले, यावरच तासभर गेला. मारुतीच्या पाराचा दगड मिळाला, तिथून गुरुजींनी पावले मोजली. ‘ही ढाळज. ही ओसरी. इथं आई बसायची.’ शेळ्या राखणारा एक म्हातारा जवळ आला. ‘काय हुडकलालाव गुर्जी?’ त्याने विचारले. सांगितल्यावर तोही मोजू लागला, कारण त्याचे घर गल्लीपलीकडे होते.

यंत्र सारखे बोलत होते. खिळे निघाले, एक कडी, बैलाच्या गळ्यातले घुंगरू, भोकाचा पैसा, पितळी तांब्याचा दबलेला काठ. प्रत्येक वस्तू भाचा वर धरायचा आणि बहिणी ती कुणाची ते सांगायच्या. घुंगरावर त्या दोघींत मतभेद झाला, एकीच्या मते ते ढवळ्याचे, दुसरीच्या मते पवळ्याचे. दुपारी यंत्राने एके ठिकाणी जाड आवाज दिला. खोदले तर जात्याची खालची तळी, आणि यंत्राला लागली होती ती तिच्यातली लोखंडी खीळ. तळी पहारीने उचलली. खालच्या मातीत तीन रुपये होते, दोन चारमिनारचे आणि एक राणीछाप. पाच नव्हते. ‘दोन माझ्या बाळंतपणात मोडले असतील,’ मधली बहीण म्हणाली, आणि पुढे बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

गुरुजींनी शाळेच्या वहीत जागा, खोली, तारीख, वजन लिहिले, हातानेच नकाशा काढला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन कार्यालयात गेले. अर्ज घेणाऱ्याने तो दोनदा वाचला. ‘गुरुजी, तीन रुपये सापडले म्हणून अर्ज?’ कायद्याची प्रत गुरुजींनी सोबत नेलीच होती. शेवटी अर्जावर आवक क्रमांक पडला. हमी म्हणून लिहून दिले आहे की नाणी मोडणार नाही, विकणार नाही, मागितली की हजर करू. तोवर ती मधल्या बहिणीकडे आहेत. तिने ती आईच्याच लुगड्याच्या फडक्यात बांधली आहेत आणि कुठे ठेवली हे तिन्ही बहिणींना, गुरुजींना आणि भाच्याला सांगून ठेवले आहे.